लाइनीतला दोष

एरवी टेलिफोन एक्स्चेंजवरची सिंधू पाच मोजायच्या आत फोन जोडून द्यायची. पण मधूनच एखाद्या दिवशी दहा-दहा मिनिटं हँडल फिरवत बसा, एक्स्चेंज आपलं ढिम्म! तेवढ्यात धामणगावचा कापसाचा भाव बदलून जाई. शेवटी अडत्ये खुशालरावांनी वर अर्ज ठोकला आणि दोष शोधायला कमलाकांतसाहेब स्टॉपवॉच घेऊन हजर झाले.

दोन दिवस त्यांनी खांब, तारा, बॅटऱ्या तपासल्या. सगळं खणखणीत. सिंधूला दोष पक्का ठाऊक होता, पण सांगितला तर नोकरीच जाणार! वकिलीणबाई अचलपूरच्या बहिणीशी बोलायला लागल्या की सिंधूच्या कानावरचा हेडफोन निघतच नसे. सध्या तर त्या बहिणीच्या सासूच्या पेटीची किल्ली घरातूनच चोरीला गेली होती.

तिसऱ्या दिवशी अचलपूरचा फोन लागला. साहेब म्हणाले, "द्या इकडे हेडफोन. लाइनीत खरखर आहे का, मीच ऐकतो."

ऐकता ऐकता साहेबांनी खुर्ची पुढं ओढली. बोर्डावर हँडल फिरवणाऱ्या गिऱ्हाइकांच्या नंबरांच्या पट्ट्या पटापट पडू लागल्या. सिंधू घाबरली. "साहेब, लोकं खोळंबून राह्यले ना!"

"थांब वो बाई!" साहेब खेकसले. "किल्ली कोनापाशी निघते ते तं आयकू दे!"

संध्याकाळी साहेबांनी वर तार केली.



"दोष सापडत नाही. मुक्काम आठ दिवस वाढवावा."