कुणाला सांगू नकोस

आमच्या गावात कोंबडीने अंडं घातलं तरी ते गार व्हायच्या आत डोंगरापलीकडे कळतं. अशा गावात ग्रोझदानाने सुनेच्या कळा दिवसभर लपवून ठेवल्या, विश्वास ठेवा अगर ठेवू नका.

"आई, डॉक्टर पेन्चेव म्हणाले होते, कळा सुरू होताच या," रुमेना कण्हत म्हणाली. "माझ्या अंगात जंतू आहेत. मला त्रास नाही, पण जन्मताना बाळाला लागतील. आधी काही तास सलाईनमधून औषध द्यायचंय."

"हळू बोल गं! जितक्या कानांवर जाईल, तितक्या कळा लांबतात. माझ्या चारही बाळंतपणांत नवऱ्यालासुद्धा पोराचं रडणं ऐकूनच कळलं."

"निदान डॉक्टरांना तरी सांगू या..."

"का? त्यांना कान नाहीत?"

बाळ दवाखान्याच्या दारातच झालं. औषधाला वेळच उरला नाही. मध्यरात्रीपर्यंत ते निळसर पडलं, श्वास घेताना कण्हू लागलं. आता ते काचेच्या पेटीत आहे.



आज सकाळपासून ग्रोझदाना चर्चची घंटा बडवते आहे आणि धावत येईल त्याचा हात धरून सांगते आहे, "माझ्या नातवासाठी प्रार्थना करा, आणि जितक्यांना सांगता येईल तितक्यांना सांगा!"