रिकामी जागा

प्रश्न विचारून तो थांबला होता. ती शांतता टेबलावर सांडलेल्या शाईसारखी हळूहळू बदलीबाईंच्या कडेला येत होती, आणि त्यांना हात मागे घ्यायचंही सुचत नव्हतं.

शाळा सुटली होती. शिक्षकांच्या खोलीत ते दोघंच होते. वर पंखा फिरत होता, पण वारा खाली पोचत नव्हता.

मोठ्या बाईंनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, “दुपारी पेन्शन विभागातून चौकशीला येतील. घाबरू नका. विचारतील त्याला सरळ उत्तर द्या.” घाबरू नका म्हटल्यापासूनच बदलीबाई मनात उत्तरं घोकत होत्या.

मघाशी तो दारात आला आणि म्हणाला होता, “बदलीबाई तुम्हीच ना? खाली शिपायानं सांगितलं.” त्या धडपडत उभ्या राहिल्या. ‘बसा’ म्हणेपर्यंत तो बसला नाही. समोरच्या तांब्यातलं पाणीसुद्धा त्यानं विचारून घेतलं. साहेब लोकांमध्ये एवढी नम्रता त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

“कुणाच्या जागी आलात तुम्ही?” त्यानं पुन्हा विचारलं. आवाज मऊ होता.

“चित्रकलेच्या बाईंच्या.”

“त्या रजेवर आहेत, असं ऐकलं.”

“कागदावर.” बदलीबाईंनी कोरडे ओठ ओले केले. “साहेब, माझं सगळं घोडं तिथंच अडलंय. रजेच्या जागेवर केलेली नोकरी पेन्शनला धरत नाहीत. जागा रिकामी असेल तरच धरतात. ज्यांना पेन्सिल धरायला शिकवलं त्यांना आता मिशा फुटल्या, आणि मी अजून बदलीवरच. मुलं तोंडावर विचारतात, बाई, तुम्ही खऱ्या कधी होणार?”

तो हसला नाही.

“मग रजेवर नाहीत त्या?”

बदलीबाईंनी खिडकीकडे पाहिलं. मैदानावर ऊन निपचित पडलं होतं. झोपाळ्याची रिकामी फळी कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी हलत होती. अशाच एका दुपारी चित्रकलेच्या बाईंनी डाव्या हातानं त्यांचं मनगट घट्ट धरलं होतं. उजवा हात प्लास्टरमध्ये होता. कुणालाही सांगू नकोस, म्हणाल्या होत्या. मोठ्या बाईंनासुद्धा नाही.

शब्द दिला होता. आजवर पाळलाही होता. पण शब्द पाळून म्हातारपण निभत नाही, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं?

“मी भावाकडे राहते,” त्या म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं. “वहिनी वाईट नाही. फक्त हल्ली माझ्यापुढे कप ठेवताना आवाज करते. पुढच्या वर्षी शाळा मला निरोप देईल. मग दिवसभर तो आवाज ऐकत बसायचं. रात्री दचकून जाग येते, साहेब. छातीवर कुणी बसल्यासारखं होतं.”

“त्या रजेवर नाहीत, हे तुम्हाला कसं माहीत?”

“अधूनमधून फोन येतो.” शब्द तोंडातून गेला आणि त्यांनी दाराकडे पाहिलं. “हे तुम्ही कुठं लिहिणार नाही ना?”

“मी काहीच लिहीत नाहीये.”

खरंच, त्याचे दोन्ही हात टेबलावर रिकामे होते. बदलीबाईंना केवढा धीर आला.

“नवऱ्यानं त्यांचा जीव घ्यायचाच बाकी ठेवला होता. तो तुरुंगात गेला, तशा ह्या निघून गेल्या. तो सुटेल तेव्हा आपण सापडायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं. राजीनामा दिला असता तर कुठं जाताय, हे दहा जणांनी विचारलं असतं. म्हणून नुसती रजा. ती वाढत गेली. आता दुसरीकडे त्या कायम झाल्या आहेत. म्हणजे इथली जागा रिकामीच झाली की नाही? तुम्हीच सांगा.”

“शाळा कुठली, ते कळायला हवं.”

पंखा कुरकुरला. बदलीबाईंनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे ते मनगट आलं, मग वहिनीचा कप.

“बंदराच्या गावात,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “दीपगृहाच्या रस्त्याला बहिऱ्या मुलांची शाळा आहे. स्वतःचं नाव मात्र बाईंनी बदललंय. दारात जुन्या नावानं विचारलंत तर कुणी ओळखणार नाही. डाव्या हातानं फळ्यावर चित्रं काढणाऱ्या बाई म्हणा. उजवा हात अजून नीट वळत नाही त्यांचा.”

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“तिथं जायला गाडी आहे?”

“संध्याकाळची आहे. पण एवढ्या लांब कशाला जाता? मी फोन लावून देते, तुम्हीच विचारा.”

“नको. फोन नको. त्यांनाही सांगू नका.”

बरोबरच होतं. चौकशी म्हणजे चौकशी. आपल्यासारख्या बदलीवरच्या बाईसाठी कुणी इतक्या लांबचा प्रवास करतंय, ह्या विचारानं बदलीबाईंचे डोळे भरून आले. कितीतरी दिवसांनी त्यांनी पोटभर श्वास घेतला.

दार वाजलं. मोठ्या बाई आत आल्या. त्यांच्यामागे धुळीनं माखलेली, दमलेली एक बाई खांद्यावरची जड पिशवी सावरत उभी होती.

“बदलीबाई, ह्या पेन्शन विभागातल्या. वाटेत गाडी बिघडली, म्हणून उशीर झाला.” मग मोठ्या बाईंची नजर त्याच्याकडे वळली. “आपण?”

तो उठला. खुर्ची आवाज न करता आत सरकवली आणि दोघींच्या मधून वाट काढत जिन्याकडे निघाला.

“अहो,” बदलीबाई म्हणाल्या. “तुम्ही चित्रकलेच्या बाईंचे कोण?”

जिना उतरणारी पावलं थांबली नाहीत.