बिनवासाचं मलम

दिवा स्टेशनजवळच्या त्या वन रूम किचनमध्ये आधी निलगिरीच्या तेलाचा वास यायचा, मग गुडघ्यांची कुरकुर, आणि सगळ्यात शेवटी सासूबाई, म्हणजे शेवंतीबाई. सूनबाई कल्पिताला फोनवरचा विषय बदलायला तेवढा वेळ पुरायचा. पण त्या वासाने तिचं डोकं उठायचं, म्हणून तिनेच नौपाड्यातून सासूबाईंसाठी नवं नॅनो जेल आणलं. तेल तेच निलगिरीचं, पण कण म्हणे इतके बारीक, की वासाला बाहेर पडायची फुरसतच मिळत नाही. सगळे सरळ गुडघ्यात शिरतात.

परवा दुपारी ती ओट्याशी उभी राहून नवऱ्याशी फोनवर कुजबुजत होती, "सुशांत, टिटवाळ्याचा तो चौथ्या मजल्यावरचाच फ्लॅट घेऊ या. लिफ्ट नाही तेच बरं रे. आईंना काही चढवणार नाही, मग राहतील आपोआप धाकट्या भावोजींकडे."

 

"चढेन गं मी," अगदी कानाशी आवाज आला. "तुझं ते मलम तेवढं बरोबर घे."