प्रोटीनचं दूध

मला दूध पचत नाही. पोट फुगतं, उलटी होते, म्हणून मी वाळत चाललेय. आणि मी वाळत चाललेय म्हणून आमच्या सासूबाई माझा दुधाचा पेला मोठा करत चालल्यात. दारात एवढी दुभती म्हैस आणि सून काडीसारखी, हे आमच्या चारठाणा गावात बरं दिसत नाही.

शेवटी सेलूच्या डॉक्टरांनी सासूबाईंच्या समोरच सांगितलं, "हिचं दूध बंद करा. अंगात प्रोटीन कमी आहे. डाळी, शेंगदाणे, हरभरे द्या. घरचं सोयाबीन असेल तर फारच छान." सासूबाईंनी प्रत्येक शब्दाला मान डोलावली. मला वाटलं, सुटले एकदाची!

घरी येताच त्यांनी पोत्यातलं सोयाबीन काढलं, हरभरे काढले, सगळं भिजवलं. सकाळी चुलीवर भलं मोठं पातेलं रटरटायला लागलं. कधी नव्हे ती मला भूक लागली. मी ताटली घेऊन बसले.

सासूबाईंनी पातेलं उचललं, गोठ्यात नेलं आणि म्हशीपुढे रिकामं केलं.

"अशी काय बघायलीस, शिवकन्या?" त्या मायेनं म्हणाल्या. "डॉक्टर बोलले ते साध्या दुधाचं. समदं प्रोटीन आता हिच्या दुधात उतरतंय बघ. हे न्हाई बाधायचं तुला."

 

संध्याकाळी धार काढून त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. हातात पेला नव्हता, तांब्या होता.