शनिवारचा गंबो

तेल तापलं असेल, मैदा नुकताच पडला असेल, असा अंदाज घेऊन कादंबरीनं शोभनाला फोन लावला.

"बिझी नाहीस ना गं?"

"छे! बोल ना."

कादंबरी गालातल्या गालात हसली. शोभनाचा फोन हॉलमध्ये, जिन्यापाशी. त्याची वायर स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही, हे तिनं गेल्याच शनिवारी बघून ठेवलं होतं. आणि गंबोचा, त्या अमेरिकन दाट रश्श्याचा, मैदा म्हणजे तान्हं मूल. तेलात पडला की पाऊण तास लाकडी चमच्यानं हलवत उभं राहायचं. जरा पाठ फिरवली की जळाला. मग त्यावर कोळंबी घाला नाहीतर खेकडे घाला, अख्खं भांडं कडू.

तिनं नणंदेच्या लग्नापासून सुरुवात केली. साखरपुड्यापासून.

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या मराठी मंडळींची शनिवारची जेवणं पूर्वी कादंबरीकडे व्हायची. तिच्या कोळंबीच्या कालवणासाठी लोक तासभर ड्राइव्ह करून यायचे आणि जाताना डबे भरून न्यायचे. मग राजेश आणि शोभना हे जोडपं दक्षिणेतल्या लुइझियानातून इथं राहायला आलं. शोभनानं पहिल्याच थंडीत गंबो केला. कोळंबीत भेंडी! "शी!" कादंबरी म्हणाली. बाकीच्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तिच्या नवऱ्यानं, मोरेश्वरनं, तिसऱ्यांदा. घरी भाजीत मीठ कमी आहे की जास्त हेसुद्धा ज्याला कळत नाही, त्यानं!

तेव्हापासून शनिवार शोभनाचा झाला. कालवणाचं कुणी नाव काढेना.

कादंबरीनं एकदा लायब्ररीतून पुस्तक आणून गंबो घरी करून पाहिला. मोरेश्वरनं चमचाभर चाखला.

"घाई केलीस. रंग जुन्या तांब्याच्या पैशासारखा यायला हवा होता."

"चहा तरी करता येतो का तुला? आला मोठा रंग सांगणारा!"

तो टीव्हीसमोर जाऊन बसला.

सगळ्यात जास्त खुपायचे ते शोभनाचे हात. तो उकळता मैदा उडाला की कातडीला चिकटूनच बसतो. कादंबरीच्या मनगटावर त्या एका प्रयोगाचे डाग अजून होते. शोभना दर शनिवारी गंबो करायची आणि तिचे हात कसे नितळ, एक ठिपका नाही. "सवय होते गं," असं वर ऐकवायची.

नणंदेची वरात निघाली तरी शोभना फोन ठेवायचं नाव घेईना. उलट मधूनमधून "मग?" असं विचारत होती. तिच्या मागून खरड, खरड असा आवाज येत होता.

"कसला गं आवाज?"

"राजेश ड्राइव्हवेवरचा बर्फ काढतोय."

"नशीबवान आहेस. आमचा मोरेश्वर शनिवारीसुद्धा ऑफिसात. वायटूके, वायटूके! दोन हजार साल उजाडेपर्यंत मला काही नवरा दिसायचा नाही."

"अगं बाई! बिचारा," शोभना म्हणाली.

खरडणं क्षणभर थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

नणंद सासरी पोचली, तिची सासूसुद्धा सांगून झाली, तेव्हा कुठे कादंबरीनं फोन ठेवला. आज मंडळी पहिल्या घासाला तोंड वाकडं करतील. पुढच्या शनिवारी कालवण! तिनं फ्रीझरमधली कोळंबी मोजून ठेवली.

संध्याकाळी ती शोभनाच्या दारात पोचली तेव्हा मंडळींतली प्रतिमा बुटांवरचा बर्फ झटकत होती.

"काय गं शोभना, तुझा ड्राइव्हवे आहे की हिमालय? गाडी लांब रस्त्यावर लावून आले. राजेश कुठंय?"

"येईलच इतक्यात. तू आत ये आधी."

कादंबरीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती नाक वर करून जळका वास शोधत होती. वास येत होता, पण नुसत्या खेकड्यांचा, सेलरीचा आणि खमंग भाजलेल्या मैद्याचा. मोरेश्वर ऑफिसातून परस्पर येऊन सगळ्यांच्या आधी हजर होता. हीटर सुरू असूनही शर्टाच्या बाह्यांची बटणं लावून, ताट मांडून बसला होता.

शोभनानं झाकण काढलं. जुन्या तांब्याच्या पैशाचा रंग.

"अहाहा!" पहिल्याच घासाला प्रतिमा म्हणाली. "आजचा तर सगळ्यात भारी झालाय, यार!"

कादंबरीला राहवलं नाही.

"शोभना, दुपारी पाऊण तास तू माझ्याशी फोनवर होतीस. मग भांड्याशी कोण होतं?"

शोभनाच्या हातातला डाव थांबला. "राजेश होता ना."

"तो तर बर्फ काढत होता."

"आत-बाहेर करत होता गं..."

तेवढ्यात दार उघडलं. गुडघ्यापर्यंत बर्फानं भरलेला राजेश हातात बॅग घेऊन उभा होता.

"सॉरी, डॅलसची फ्लाइट लेट झाली. टॅक्सीवाल्यानं कोपऱ्यावरच सोडलं. शोभना, मी बुधवारी गेल्यापासून बर्फाला कुणी हातसुद्धा लावलेला नाही का?"

सगळे शोभनाकडे बघू लागले. कादंबरीच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. तिनं शोभनाच्या नितळ मनगटांकडे पाहिलं आणि टाळीच वाजवली.

"कळलं! अगं, हा गंबो घरी होतच नाही! ही बाई कुठल्यातरी रेस्टॉरंटातून विकत आणते आणि आपण मिटक्या मारत खातो!"

शोभनानं मान खाली घातली. नाही म्हणाली नाही. कादंबरीला शनिवार परत मिळाला होता. तिनं विजयानं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"विकतचा?" मोरेश्वर उसळून म्हणाला आणि बाही वर सारून मनगटावरचे ताजे फोड सगळ्यांना दाखवू लागला. "विकतच्याला हा रंग येतो?"