गाडीची खोली

काजलने गाडी नव्या खोलीत घातली, इंजिन बंद केलं आणि उतरायला दार उघडलं. दार चार बोटं उघडलं आणि भिंतीला टेकलं.

तिने ते ओढून घेतलं, पुन्हा उघडलं. चारच बोटं. डावीकडे तर आरसा मिटवूनच गाडी आत आली होती, तिकडून उतरायचा प्रश्नच नव्हता. मागे परसात तिची आई मंगलाबाई ओवाळायचं ताट घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी, इस्त्रीचा सदरा घालून, वडील हिंमतराव.

"उतर ना वं. कापूर विझी ऱ्हायना," मंगलाबाई विझत्या कापराला हाताचा आडोसा करत म्हणाल्या.

काजलने डोकं स्टिअरिंगला टेकवलं. आठ महिने तिने या खोलीपायी काढले होते. गल्लीतून कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉलीने तिच्या गाडीचं दार खरवडलं, तेव्हा तिने शहाद्याहून पत्र्याचं तयार शेड आणायचं ठरवलं होतं. दोन दिवसांचं काम. हिंमतरावांच्या ते जिव्हारी लागलं. कारखान्यात तीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. कॉलनीतली निम्मी घरं त्यांच्या हातची. पोरीची गाडी काय शेळीसारखी पत्र्याच्या आडोशाला उभी राहणार? त्यांनी परसात, घरापासून सुटी, विटांची खोली आखली. मागची भिंत झाली, डावी झाली, आणि होळीच्या आदल्या आठवड्यात लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली.

चार महिन्यांनी हात हलायला लागला, तसे ते पुन्हा विटांपाशी जाऊन बसले. हाताला काम देत राहा, एवढंच डॉक्टर बोलले होते. हिंमतरावांनी त्याचा हुकूम केला. मजूर लावू दिला नाही, विटेला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. रोज एक थर, कधी अर्धाच. काजल आरोग्य केंद्रातली ड्यूटी संपवून यायची तेव्हा ओट्यावर सिमेंट, मोरीत वाळू आणि प्यायच्या पाण्याच्या बादलीत थापी. आई म्हणायची, जाऊ दे, त्यांचा जीव रमतो.

उजवी भिंत कमरेइतकी आली, तेव्हाच ती आत झुकलेली काजलला दिसली. तिने वरून ओळंबा सोडून दाखवला. दोरी वर विटेला चिकटलेली, आणि खाली लोलक भिंतीपासून तीन बोटं लांब लोंबत होता.

हिंमतरावांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"ओळंबा खोटा शे," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढची वीट उचलली.

मग तिने नवनीत मिस्त्रीला बोलावलं. तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला. तो आला, भिंतीवरून हात फिरवला, चहा प्यायला. गेटपाशी तिला म्हणाला, की पाया भक्कम आहे, पडायची नाही. पण गाडीला अडचण होणार. पाडून दोन दिवसांत नवी उभी करता येईल. फक्त ते त्याला सांगू नये. उस्तादांची भिंत त्याच्याने पाडवायची नाही. काजल चिडून म्हणाली होती, की मग चहा कशाला प्यायलास. तो खाली मान घालून गेला. शेवटी स्लॅबपर्यंत हात वर जाईना म्हणून छताला पत्रेच पडले, आणि खोली पूर्ण झाली असं हिंमतरावांनी जाहीर केलं.

आता पुरे झालं, काजलने ठरवलं. गाडी मागे घ्यायची, परसात उतरायचं आणि स्वच्छ सांगायचं की ही खोली गाडीच्या कामाची नाही. तिने किल्लीला हात घातलासुद्धा.

समोरच्या आरशात तिला हिंमतराव दिसले. ते भिंतीकडे बघत नव्हते. चार बोटं उघडून अडलेल्या दाराकडे बघत होते. आयुष्यभर नजरेने मापं घेतलेला माणूस. त्यांना कळलं नसेल, असं होणं शक्य नव्हतं. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला होता.

काजलने दार ओढून घेतलं. सीटजवळचा खटका ओढला, तशी डिकी उघडली. तिने ओढणी कमरेला बांधली, दोन सीटांमधून मागे गेली, मागची सीट पाडली आणि गुडघ्यांवर रांगत डिकीच्या तोंडाशी आली. कुंपणापलीकडून शेजारची भुरीबाई बघत होती. उद्या दुपारपर्यंत हे गावभर होणार होतं. मंगलाबाईंना ताट पुढे करावं की मागे घ्यावं, सुचेना.

हिंमतराव दोन पावलं पुढे आले. त्यांनी उजवा हात पुढे केला.

"धर."

काजलने धरला. त्या हातात जोर नव्हता. सिमेंटने सोललेली बोटं तिच्या बोटांत नुसतीच अडकली. तिने दुसरा हात डिकीच्या काठावर दाबला, सगळा भार त्याच्यावर टाकला, आणि कोणी ओढून उतरवल्यासारखी खाली उतरली.

हिंमतरावांना धाप लागली होती. ती ओसरेपर्यंत ते गाडीकडे बघत राहिले.

"कंपनीवालासनी दार जास्तीच रुंद करेल शे," ते म्हणाले.

काजलच्या जिभेवर आठ महिन्यांचं साठलेलं होतं. तिने गुडघ्यांवरची धूळ झटकली.

"हाव, आबा."

मंगलाबाईंनी क्षणभर विचार केला आणि कुंकवाचं बोट डिकीलाच टेकवलं.