घरंगळलेली कवडी

सासूची कवड्यांची माळ तुटली होती. म्हातारीला सुई दिसत नव्हती, म्हणून सुगंधा उंबऱ्यात बसून कवड्या ओवत होती. तेवढ्यात चर्चच्या मंडळीचे पाळक दाविदराव दारात आले. माळ बघताच त्यांचा आवाज चढला.

"बाप्तिस्म्याला वर्ष न्हाय झालं, आन् पुन्हा देवीच्या दावणीला? ख्रिस्तानं मोकळं केलंय ना तुला?"

"व्हय, केलंय की."

"मग हे काय?"

"आत्याबाई देवीच्या आराधीण हायती. माळ गळ्यात पडल्याबिगर अन्नाला शिवत न्हाईत. सकाळपास्नं उपाशी हायती."

"राहू दे उपाशी! फेक ती माळ. न्हायतर रविवारी चर्चात प्रभुभोजनाची भाकर तुला मिळायची न्हाय."

सुगंधाचा हात थांबला. त्या भाकरीसाठी तिनं माहेर तोडलं होतं.

"भाकर तुमच्या हातात हाय, पाळकसाहेब," ती हळूच म्हणाली. "पर तुमच्या पायापाशी एक कवडी घरंगळलीय. तेवढी द्या."

दाविदरावांनी खाली पाहिलं आणि निखारा दिसावा तसा झटकन पाय मागे घेतला.

सुगंधानं उठून कवडी उचलली, ओवली आणि गाठ मारली.

"मला वाटलं, ख्रिस्तानं तुम्हालाबी मोकळं केलंय."